दहा तोंडांचा चार्जर

मित्रांनो, मी एक जुना चार्जर आहे आणि मला दहा तोंडं आहेत. हसू नका. रावणालाही दहाच होती, पण त्याची सगळी एका सुरात बोलायची. माझ्या दहांचं आपसात कधी पटलं नाही, कारण ती दहा निरनिराळ्या कंपन्यांच्या मोबाईलसाठी केलेली होती.

त्या काळी मोबाईलच्या कंपन्या एकमेकींकडे ढुंकून पाहत नसत. एकीची पिन बारीक, दुसरीची रुंद, तिसरीची चपटी. एकदा आपल्या दारात आलेलं गिऱ्हाईक शेजारणीकडे जाऊ नये, हा त्यामागचा डाव. एकीने तर त्याच्याही पुढे मजल मारली होती. ती फोन स्वस्तात द्यायची, पण नंबर फोनाच्या पोटातच बंद करून ठेवायची. कार्ड काढून दुसऱ्या फोनात घालावं म्हटलं, तर काढायला कार्डच नाही! या भांडणातून कुणातरी हुशार माणसाला मी सुचलो. सगळ्यांची तोंडं त्याने एका वायरीला जोडली आणि मला पणजीच्या बाजारात एका पथारीवर आणून ठेवलं. तिथून सत्यवतीबाईने मला उचललं.

सत्यवतीबाईचा गाडा डिचोली तालुक्यातल्या पाळी गावात, खनिजाचे ट्रक तोलायच्या काट्यासमोर होता. ट्रकांची रांग लांबच लांब लागे. ड्रायव्हर मंडळी उतरून चहा घेत, उंडा म्हणतात त्या गोल पावाबरोबर भाजी खात आणि तोवर फोन माझ्याकडे सोपवत. बहुतेक जण सिंधुदुर्गातले. घरची खुशाली त्यांना फोनावरच कळे. बाई मला पुसून ठेवायची आणि गिऱ्हाइकांना सांगायची, "धा तोंडा असत, पण जेवता एकाच ताटात." माझं असं कौतुक झालं की मला फार बरं वाटे. ते दिवस माझ्या सुखाचे होते.

मग एक दिवस पणजीहून सगुण आला. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर कंपनीची टोपी, बोलणं साखरेत घोळलेलं. तो म्हणाला, गाडा आम्ही रंगवून देतो, वर बोर्ड लावतो आणि पाव-भाजी ठेवायला काचेचं कपाटही देतो. अट एकच होती, गाड्यावर चार्जर फक्त आमच्या कंपनीचा राहील. बाईने माझ्याकडे पाहिलं, मग भाजीच्या टोपाकडे. ट्रक गेला की टोपावर लाल धुळीचा थर बसायचा आणि अर्धी भाजी टाकून द्यावी लागायची. तिने होकार दिला. तिला मी दोष देत नाही, पण मला बिस्किटांच्या डब्यात ठेवून तिने झाकण लावलं तेव्हा मी मनातून पार खचलो.

आठ दिवसांत समोरच्या दत्तारामाच्या गाड्याला दुसऱ्या कंपनीने निळा रंग फासला. आमचा केशरी, त्याचा निळा. आता ज्याचा जसा फोन, तशी त्याची बसायची बाजू ठरली. शंभू आणि पांडुरंग एकाच गावचे, एक उंडा अर्धा-अर्धा वाटून खाणारे. तेसुद्धा रस्त्याच्या दोन काठांना बसून एकमेकांना लांबून हात करू लागले. कंपन्या पणजीत बसून डाव टाकत होत्या आणि इथे पाळीत एकत्र चहा पिणं तुटत होतं.

अशातच एका दुपारी धाकू धावत आला. हा कुडाळकडचा ड्रायव्हर, स्वभावाने शांत, पण त्या दिवशी त्याचा आवाज फाटला होता. तो आधी दत्तारामाकडे जाऊन आला होता. तिथली पिन त्याच्या फोनाला लागत नव्हती.

"गे सत्यवतीबाय, माजो फोन मरता! चार्जर घराक रवलो."

"काय झाला रे? कोणाचो फोन येवचो हा?"

"माज्या बायलेक, गंगेक, सावंतवाडीक दवाखान्यात नेल्यानी. पयल्या खेपेक मूल हाताक लागाक नाय. आता दाक्तर म्हणता, बाळ आडवा असा. पोट कापूचा झाला तर माका विचारतले. भयण फोन करतली म्हणाली."

बाईने दुसऱ्या ड्रायव्हरचा फोन पुढे केला, पण बहिणीचा नंबर धाकूच्याच फोनात होता. आणि तो फोन होता नंबर पोटात कोंडणाऱ्या त्या तिसऱ्याच कंपनीचा, म्हणजे कार्ड काढून दुसऱ्या फोनात घालायचीही सोय नाही. बोलता बोलता फोनाने एक क्षीण आवाज काढला आणि तो विझला. धाकू बटणं दाबत राहिला.

नेमका त्याच वेळी सगुण बाकावर चहा पीत होता. गाड्याचा फोटो काढून कंपनीला पाठवायला आला होता. बाईने त्याच्यासमोर डबा उघडला आणि मला बाहेर काढलं.

"बाय, हो खंयचो चार्जर? आमची अट काय होती?" सगुण उठलाच.

"अट मागीर. तुजा कपाट व्हया तर आत्ताच उचलून घेवन जा. आधी ही पिन धर, तुजी बोटा बारीक असत."

कारण डब्यात दुमडून पडल्यामुळे माझी ती पिन सैल झाली होती. बोटाने दाबून धरली तरच वीज जाई. धाकूची राठ बोटं तिथे पोचेनात. सगुणने एकवार बोर्डाकडे पाहिलं, टोपी मागे सारली आणि गुडघ्यावर बसून पिन धरली. फोन उजळला. थोड्याच वेळात तो वाजला.

"कापूचा लागतला म्हणतत, काय सांगू?" पलीकडून बहीण, सरस्वती, रडत विचारत होती.

"कर म्हणान सांग! बेगीन कर म्हणान सांग!"

मग वाट पाहणं आलं. बहिणीला दुसरा नंबर द्यायचं त्या घाईत कुणाला सुचलं नाही आणि पिन सोडली की फोन विझणार, म्हणून सगुण हलेना. त्याचा चहा निवला, शर्टाला लाल धूळ लागली. रांग पुढे सरकली तेव्हा शंभूने धाकूचा ट्रक पुढे घेतला. दत्ताराम रस्ता ओलांडून आला आणि त्याने सगुणच्या गुडघ्याखाली पोतं सरकवलं. निळा-केशरी कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. मी मात्र भीतीने गोठलो होतो. आपलीच वायर आतून तुटली तर, एवढंच मनात येत होतं.

फोन पुन्हा वाजला. "चेडू झाला! दोघाय बरी असत!" सरस्वती एवढ्या मोठ्याने ओरडली की रस्त्यापलीकडेही ऐकू गेलं. मुलगी झाली म्हणून धाकू हसत होता आणि डोळे पुसत होता. बाईने नव्याने चहा टाकला. माझा जीव भांड्यात पडला.

सगुणची बोटं आखडली होती. ती चोळत त्याने फोटो काढायला घेतला, तेव्हा आपली टोपी काढून नीट माझ्यावर ठेवली. फोटोत फक्त टोपी आली, कपाट जागेवर राहिलं आणि त्या दिवसापासून मीही.

मित्रांनो, पुढे त्यातल्या किती कंपन्या बुडाल्या, किती एकमेकींत विरल्या. आता बहुतेक फोनांना एकच पिन चालते. माझी दहाही तोंडं रिकामी आहेत. तुम्हाला वाटेल मी दुःखी असेन. छे! कुणाची खुशाली पिनेपाशी अडत नाही, याने मी किती हलका झालो म्हणून सांगू!

एवढंच मागणं आहे. चार्जर काढताना वायर धरून हिसका देऊ नका, हळूच मान धरून काढा. आमचंही आतून तुटतं. आणि ज्याचा फोन हातातच विझलाय अशा माणसाला त्याच्या फोनाची कंपनी विचारू नका. त्याला आधी बसायला जागा द्या आणि विचारा, कुणाच्या फोनाची वाट बघतोयस?