चौथ्या पायरीपर्यंत कुणीच येत नाही

मित्रांनो, मी एक जुनी लायब्ररी आहे. पुस्तकांची कपाटं शोधू नका. मी म्हणजे तयार कोडचं गाठोडं. वेबसाइटवरची माहिती गोळा करायची असली, की प्रोग्रॅमर मला आपल्या प्रोग्रॅमला जोडतात. ते सांगतील ती पानं मी एका दूरच्या सेवेमार्फत त्या वेबसाइटकडून मागवते आणि माहिती नीट लावून त्यांच्या हाती देते. वय सहा वर्षं. आमच्यात हे म्हातारपण.

आज मी रागावले आहे. तरी क्रमानं सांगते. ‘सुरुवात कशी करावी’ या माझ्या माहितीपानावर चार पायऱ्या आहेत.

पायरी पहिली: मला जोडा.

एका ओळीचं काम. ती ओळ इंदिरानगरच्या ऑफिसात बसून निपाणीच्या वीणानं लिहिली. मला घडवलं तिनंच. एका वेबसाइटकडे लागोपाठ पानं मागताना मध्ये दोन सेकंद थांबायचं, ही सवयही तिनंच लावली. तिचे साहेब वैतागले.

“ग्राहकाला पाच मिनिटांत रिझल्ट दिसला पाहिजे, वीणा. हे थांबायचं पुराण खाली टाक.”

“खाली टाकते, सर. पण काढणार नाही.”

पायरी दुसरी: तुमची किल्ली, म्हणजे त्या सेवेचा पासवर्ड, घाला.

घातलीत? पुढे चला.

पायरी तिसरी: पहिलं पान मागवा.

पडद्यावर माहिती उमटते. लोक खूश होतात, मला पाच तारे देतात आणि माझं माहितीपान बंद करून चहाला जातात. हजारो आले, हजारो इथूनच गेले. दोन वर्षांपूर्वी वीणा नोकरी सोडून गेली. तेव्हापासून माझा कोड कुणी साधा उघडूनही पाहिलेला नाही. तारे मात्र पडतच असतात. काय करू त्यांचं?

पायरी चौथी: समोरच्याला श्वास घेऊ द्या. वेबसाइट ‘थांबा’ म्हणाली तर

तर काय, हे वाचायला निहार आला नाही. पुण्याहून वीणाच्याच शहरात आलेला, एचएसआर लेआउटमध्ये राहणारा हुशार मुलगा. त्याची कंपनी रुग्णांसाठी ॲप बनवत होती आणि अकरा वाजता बेळ्ळंदूरला त्याचा डेमो होता. त्याला हवी होती अनुसूयाअक्कांची वेबसाइट. अक्का निवृत्त नर्स. शहरातल्या कोणत्या केंद्रात आज डायलिसिसची खुर्ची रिकामी आहे, हे त्या रोज पहाटे फोन करकरून विचारतात आणि लिहितात. ते वाचून रुग्ण घराबाहेर पडतात. तीन वर्षांच्या नोंदींची चाळीस हजार पानं, एका छोट्याशा भाड्याच्या सर्व्हरवर.

दोन सेकंदांच्या हिशोबानं मला बावीस तास लागले असते.

“काय यार, बैलगाडी आहे ही!” निहार म्हणाला आणि सकाळी साडेसहाला त्यानं माझं थांबणं शून्य केलं. शिवाय एकाच वेळी माझ्या पन्नास प्रती सोडल्या.

सर्व्हर म्हणाला: गर्दी आहे, थांबा.
मी निहारला सांगितलं.
सर्व्हर म्हणाला: थांबा.
मी सांगितलं.
सर्व्हर

मग तो काहीच म्हणाला नाही. आणि माझं सांगणं? निहारनं आधीच दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या: लायब्ररीनं चूक दाखवली तर दुर्लक्ष कर, पुन्हा माग. मी ओरडत होते आणि माझ्याच हातांनी मेलेल्या दारावर धडका देत होते. तो पोहे खात होता.

सव्वाआठला त्याचा फोन वाजला. माझ्या प्रत्येक मागणीसोबत मागणाऱ्याचं नाव आणि फोन नंबर जातो, आणि तो सर्व्हरच्या नोंदींत दिसतो. तोही वीणाचाच आग्रह.

“निहार काय रे? मी अनुसूया. माझं पान का बंद पाडायलास?”

“सॉरी मॅडम, लायब्ररीचा प्रॉब्लेम आहे. आम्ही बघतो.”

लायब्ररीचा! मित्रांनो, मला तोंड असतं तर त्या खोलीतल्या खिडक्या हादरल्या असत्या.

“कुणाचा बी असू दे. मल्लाप्पा म्हणून पेशंट आहेत, पाय सुजलेत, दम लागलाय. काल चुकलंय त्यांचं डायलिसिस. दीड तास रिक्षात फिरायलेत. कुठली खुर्ची रिकामी आहे, ते माझ्या पानावर आहे. अन् पान मलाच उघडंना!”

“मॅडम, आम्हीपण पेशंटसाठीच करतोय...”

“मग आधी थांबव की!”

निहारनं बटण दाबलं. माझ्या पन्नास प्रती जागच्या जागी गप्प झाल्या. फोनवर अक्कांचा श्वास ऐकू येत होता. एक मिनिट. दोन.

“उघडलं. इंदिरानगरला एक आहे. ठेव आता, मल्लाप्पांना लावते.”

निहारनं ताटली बाजूला सारली. पोहे गार झाले. बऱ्याच वेळानं त्यानं फोन लावून विचारलं, “मिळाली का?”

“बसलेत खुर्चीवर,” अक्का म्हणाल्या. “तुला काय पाहिजे होतं, ते सांग आता.”

त्यानं चाचरत सांगितलं. साडेदहाला अक्कांची मेल आली. तीन वर्षांच्या सगळ्या नोंदी, एकाच फाइलमध्ये. खाली एक ओळ होती: “मागितलं असतंस तर कालच दिली असती.”

चाळीस हजार पानं. त्या फाइलला माझी गरजसुद्धा पडली नाही.

मित्रांनो, मला जरूर जोडा, मी कामाची आहे. पण माझ्यावर खापर फोडू नका आणि माझं तोंड बांधू नका. आणि मला बोलावण्याआधी, जे पान हवं आहे त्याच्या तळाशी एकदा बघा. तिथे बहुतेक वेळा एखाद्या माणसाचा फोन नंबर असतो.