चांदीसकट वजन

मित्रांनो, मी अंगणवाडीचा टांगता वजनकाटा. गोल तबकडी, वर अडकवायला कडी, खाली झोळी लावायला हूक आणि पोटात एक स्प्रिंग, एवढाच माझा संसार. कारखान्यात माझी तपासणी झाली आणि माझ्यावर 'अचूक' अशी चिठ्ठी चिकटवली गेली. तेव्हापासून मला स्वतःचा फार गर्व होता.

तिथून मी कवठे महांकाळकडच्या एका मेंढपाळांच्या गावात आलो. तिथल्या सेविका अंबूताईंनी मला अंगणवाडीच्या लोखंडी आढ्याला टांगले. दर महिन्याला ठरलेल्या दिवशी आया लेकरे घेऊन येत. झोळी दिसली की लेकरे टाहो फोडत. वजन घेता घेता अंबूताई आयांना समजावून सांगत, की सहा महिने फक्त अंगावरचे दूध पाजा, मग वरणात भाकरी कुस्करून भरवा, वर तेलाची धार सोडा, लसीचे डोस चुकवू नका. मी दाखवलेला आकडा त्या कार्डावर टिंबाने मांडत. टिंब हिरव्या पट्ट्यात असले तर वाढ ठीक, पिवळ्यात असले तर जादा आहार आणि डॉक्टरांची तपासणी, लालमध्ये असले तर थेट दवाखाना. आया सासूपेक्षा माझ्यावर जास्त विश्वास ठेवत. मला ते फार आवडायचे.

एकदा मंगल नावाची आई आपल्या नऊ महिन्यांच्या साक्षीला घेऊन आली. तिची सासू हरणाबाई बरोबर होती. साक्षीच्या कमरेला चांदीचा जाड करदोडा आणि पायांत तोडे होते. अंबूताई ते उतरवू लागल्या, तोच हरणाबाईने त्यांचा हात धरला.

"जावळ व्हईस्तवर अंगावरची चांदी काढायची न्हाई. बिरोबाला बोललोय आमी."

उघड्या अंगानेच वजन घ्यायचे, हे अंबूताईंना प्रशिक्षणात शिकवले होते. पण म्हाताऱ्या माणसाचे मन कशाला मोडा, म्हणून त्यांनी साक्षीला चांदीसकटच झोळीत ठेवले. टिंब जेमतेम हिरव्यात पडले.

पुढच्या महिन्यात साक्षी आली तेव्हा तिच्या हातांत मामाने दिलेली जड कडी होती. माझा काटा मागच्यापेक्षा थोडा पुढे सरकला. अंबूताईंना बरे वाटले. मंगल मात्र जागची हलेना.

"ताई, पोर लय हलकी लागतीया हाताला. उचलली की कळतंया."

अंबूताईंनी तिला कार्ड दाखवले. पोर हिरव्यात हाय, मग कशापायी काळजी करतीस, असे म्हणून हरणाबाईने तिला बाहेर नेले. मंगलचा नवरा धुळा कळप घेऊन कराडकडे निघायचा होता. मंगल मागे थांबून साक्षीला डॉक्टरांकडे न्यायचे म्हणत होती. माझ्या भरवशावर तो बेत रद्द झाला आणि सगळे घर कळपामागे गेले.

तिकडे रानातल्या मुक्कामावर साक्षीला जुलाब लागले. दोन दिवसही ती तग धरू शकली नाही. दवाखान्याच्या वाटेवरच ती गेली.

दिवाळीनंतर मंगल एकटीच अंगणवाडीत आली. तिच्या हातात कापडाचे गाठोडे होते. तिने करदोडा, तोडे, कडी माझ्या झोळीत ठेवली.

"ताई, ह्येचं किती भरतंया, तेवढं बघा."

काटा अर्ध्या किलोच्या थोडा अलीकडे थांबला. अंबूताईंनी कडी काढून घेऊन उरलेल्याचेही वजन पाहिले, रजिस्टर काढले आणि जेव्हा जेवढी चांदी अंगावर होती तेवढी वजा करून टिंबे पुन्हा मांडली. दोन्ही पिवळ्यात पडली, आणि दुसरे पहिल्याच्या खाली. मंगलला वाचता येत नव्हते, पण रंग कळत होते.

"मी म्हणलं हुतं की," एवढेच ती बोलली. अंबूताई पदरात तोंड लपवून रडू लागल्या. मंगल रडली नाही. तिने चांदी गाठोड्यात बांधली आणि ती निघून गेली.

आता अंगणवाडीत नवा डिजिटल काटा आला आहे. मी कपाटात गंजत पडलो आहे. अंबूताई आता कुणाचेही ऐकत नाहीत, लेकराच्या अंगावरचा काळा दोरासुद्धा आधी काढायला लावतात. ते ऐकून मला बरे वाटते आणि वाईटही वाटते.

मित्रांनो, तुमच्या घरात तान्हे भावंड असेल तर त्याला अंगणवाडीत जरूर न्या. झोळीत ठेवण्यापूर्वी त्याच्या अंगावरचे सगळे उतरवा. आणि काटा काहीही दाखवो, आई म्हणाली की लेकरू हलके लागते, तर आधी तिचे ऐका. साक्षीला मी दोनदा तोलले. तिच्या आईने तिला रोज उचलले होते.