फुकटच्या शाळेवर पाळत

फुकट मिळणारी गोष्ट आम्ही भट्टीवाले आधी हुंगून बघतो. दवाखान्याच्या वरच्या खोलीत मोठ्या माणसांसाठी लिहाय-वाचायचा वर्ग निघाला. फी नाही, वर चहा. पाव भट्टीत सारता सारता आमच्यातला लंबू म्हणाला, "काहीतरी काळंबेरं आहे. कोण अडाणी ते मालकाला बघायचं असणार. मग एकेकाला नारळ."

"नाहीतर मतं मागतील," माझा मेहुणा म्हणाला.

शेवटी ठरलं, एकानं आत जाऊन पाळत ठेवायची. केस पांढरे म्हणून मला पुढं केलं.

शिकवायला रिटायर झालेल्या नर्सबाई. इंजेक्शन द्यावं तशी अक्षरं द्यायच्या, आवाज न चढवता आणि चुकवता येणार नाही अशी. मी मागं बसून डाव शोधायचो. पाटी समोर होती म्हणून गिरवायचो, नाहीतर त्यांना संशय आला असता.

रोज लंबू विचारायचा, "सापडलं काही?"

"अजून नाही. पण बाई आतल्या गाठीची आहे."

चहात साखर इतकी कमी घालायच्या, काहीतरी असणारच.

एकदा भट्टीच्या मागच्या भिंतीशी सायकल लावताना नजर वर गेली. तिथली लाल अक्षरं आम्ही कामाला लागल्यापासूनची. सवयीनं जोडत गेलो. 'येथे सायकली लावू नयेत.' आणि आमच्या सगळ्यांच्या सायकली बरोबर त्याखाली, कारण सावली तिथंच पडते. मी गपचूप माझी उचलली आणि गेटपाशी नेली.

लंबूच्या नजरेतून काय सुटतंय. "म्हाताऱ्या, सावली सोडून उन्हात? कोणी काही शिकवलंय का? फुटलास तर नाहीस ना?"

"टायर गरम झालेले बरे," मी म्हटलं. त्याला ते पटलं नाही. मलाही नाही.

त्याच आठवड्यात बाई म्हणाल्या, माणसं वाढली नाहीत तर शनिवारी वर्ग बंद, दवाखान्याला खोली सामानासाठी हवी आहे. माझी जोडाक्षरं अजून अर्ध्यावर. आणि 'चला रे वर्गाला' म्हणावं, तर लंबू म्हणणार, बघा, म्हातारा विकला गेला.

दुसऱ्या दिवशी पीठ मळताना मी आवाज खाली आणला. "शनिवारी खोली बंद करणार म्हणतात."

सगळ्यांचे हात थांबले.

"पुरावा दडवतायत, भावोजी," मेहुणा म्हणाला.

"मी काय सांगणार. एकट्याच्यानं नजर ठेवणं होत नाही. सगळे बसलो तर काय ते कळेल."

लंबूनं डोळे बारीक केले. "चहा प्यायचा नाही पण. त्यात काय घालतील, भरवसा नाही."

"साखर तरी घालत नाहीत," मी म्हटलं.

शनिवारी सगळी भट्टी जिना चढली. वर्ग काही बंद झाला नाही. लंबू अजून म्हणतो, "आहे, काहीतरी आहे," आणि पाटी पुसून पुन्हा गिरवायला घेतो.

काल बघतो तर त्याची सायकल गेटपाशी उन्हात, माझ्या सायकलीला टेकून.

"सावली नको का रे?" मी विचारलं.

"टायर गरम झालेले बरे," तो म्हणाला, आणि माझ्याकडं न बघता आत गेला.