लिंबाच्या झाडाचा कोट

माझे भावोजी शिंपी होते. त्यांनी आयुष्यात शिवलेला सर्वांत मोठा कोट एका झाडासाठी होता, अंगणातल्या कागदी लिंबाच्या झाडासाठी. जाड लोकरी कापड, आतून अस्तर, पुढून वरपासून खालपर्यंत बटणं आणि खालच्या कडेला नाडा. कडाक्याची थंडी पडणार असं रेडिओवर सांगितलं की भावोजी शिडीवर चढून झाडाला कोट घालायचे आणि ताई खालून ओरडायची, "अहो, बाह्या विसरलात!" हा विनोद तिनं दर वर्षी केला आणि भावोजी दर वर्षी हसले.

ते जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर दोन वर्षांनी मी ग्रंथालयातून निवृत्त झालो आणि पुस्तकांची अकरा खोकी घेऊन ताईकडे राहायला आलो. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, असं लोक विचारत तेव्हा मी काहीतरी तत्त्वज्ञान सांगायचो. खरं म्हणजे कुणाला विचारायचं धाडस झालं नाही. ताईनं मागची खोली दिली आणि कोटाचं काम माझ्याकडे आलं. चार हिवाळे मी ते केलं. थंडी बेताचीच होती, त्यामुळे मी ते बरं करतो की वाईट, हे कुणाला कळलं नाही. मलाही नाही.

यंदा थंडीच्या तोंडावर ताई पायरीवरून घसरली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. तीन महिने पलंग. तो आम्ही खिडकीशी लावला, कारण तिथून तिला झाड दिसायचं.

"मला मेलं दुसरं काही नको," ती म्हणाली. "मी उठेन तेव्हा ते झाड जागेवर असलं पाहिजे. बास."

त्या मंगळवारी सकाळी रेडिओवर सांगितलं, रात्री पारा उणे सहापर्यंत उतरेल. एवढी थंडी मी तरी या गावात पाहिली नव्हती. मी कुंड्या उचलून माझ्या खोलीत आणल्या. आलुबुखारच्या झाडाची काळजी नव्हती. ते पानं झाडून कधीच झोपी गेलं होतं. लिंबाला मात्र झोप माहीत नाही, ते बारा महिने हिरवं. दुपारी मी त्याच्या बुंध्याशी भरपूर पाणी घातलं, कारण ओली माती उन्हाची ऊब जास्त धरून ठेवते. हे मला बागकामाच्या एका पुस्तकातून कळलं होतं. मला जे काही कळतं ते पुस्तकातूनच.

त्याच पुस्तकात पुढे लिहिलं होतं की पांघरूण स्वतः गरम नसतं. दिवसभर तापलेली जमीन रात्री ऊब सोडते. ती धरून ठेवणं एवढंच पांघरुणाचं काम. म्हणून ते चहूबाजूंनी जमिनीला टेकलं पाहिजे आणि कडेवर विटा ठेवल्या पाहिजेत. वरून घालून बुंध्याशी आवळलं तर ऊब बाहेरच राहते आणि झाड आत गारठतं.

मी कोट घेऊन शिडीवर चढलो, बटणं लावली आणि खाली उतरून पाहिलं. सहा वर्षांत झाड वाढलं होतं, कोट वाढला नव्हता. त्याची कड माझ्या गुडघ्याच्याही वर आली होती. आधीच्या चार वर्षांतही ती टेकत नव्हतीच. मी नाडा बुंध्याशी आवळून मोकळा व्हायचो.

मी घरातून दोन जुनी पांघरुणं आणली. कोटाच्या खालच्या कडेला ती टाचली असती तर जमिनीपर्यंत सहज पोचली असती. एवढ्यात खिडकी वाजली.

"ते काय आणलंस?"

"पांघरुणं. म्हटलं, खालून जरा..."

"त्यांच्या कोटाखाली चिंध्या लोंबकळवणार? परकर घालतोस की काय झाडाला?"

"नाही, तसं नाही. पण ताई, कोट थोडा..."

"थोडा काय? स्पष्ट बोल ना रे. सगळं आयुष्य अर्ध्या वाक्यात काढलंस."

भावोजींच्या हातचा टाका कमी पडतोय, हे त्यांच्या बायकोला कसं सांगायचं? आणि पुस्तक चुकीचं असलं तर? ते दुसऱ्याच हवेसाठी लिहिलेलं असलं तर?

"नाडा बांध, ते बांधायचे तसा," ताई म्हणाली. मग तिचा आवाज जरा उतरला. "पुरेल ना रे एवढं?"

तिनं विचारलं होतं. मला आजही तो स्वर ऐकू येतो; त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं.

"पुरेल," मी म्हणालो.

नाडा आवळला आणि पांघरुणं परत आत आणली. रात्री गारठा फार वाढला, तेव्हा त्यांतलं एक मीच पायांवर घेऊन झोपलो.

सकाळी ऊन वर आल्यावर कोट काढला. पानं काचेसारखी ताठ होती. दुपारी ती मऊ पडली, उकडल्यासारखी. तिसऱ्या दिवशी काळी झाली. ताई दिवसभर खिडकीतून पाहत होती.

रविवारी भाचा आला. तो लिफ्टदुरुस्तीचं काम करतो. हत्यारं नेहमी गाडीत असतात. झाडाभोवती एक फेरी मारून तो आईच्या खोलीत आला.

"आई, गेलंय ते. उगाच रोज बघत बसू नकोस. आजच कापून टाकतो."

ताईनं मान फिरवली. "काप," ती म्हणाली.

मी बाहेर गेलो आणि बुंध्याची साल नखानं खरवडली. आत ओलसर हिरवा रंग होता. जरा वर खरवडलं, तिथेही हिरवा. आयुष्यात पहिल्यांदा मी धावत घरात आलो असेन.

"कापू नका! जिवंत आहे. डहाळ्या गेल्यात, खोड जिवंत आहे. वसंतापर्यंत थांबायला हवं. फुटेल ते."

भाचा हसला. "मामा, तू एवढं सलग बोललास? झाड जगो न जगो, हाच चमत्कार झाला."

"पुस्तकात दिलंय," मी म्हणालो. "दाखवतो."

मी पुस्तक आणून पान उघडलं आणि ताईच्या हातात दिलं. तिनं चष्मा लावला. 'गारठलेल्या झाडाला घाईनं करवत लावू नये,' हे तिनं मोठ्यानं वाचलं. मग तिची नजर शेजारच्या पानावर गेली. तिथे दोन झाडांचं चित्र होतं. एकाचं पांघरूण जमिनीला टेकलेलं, दुसऱ्याचं बुंध्याशी आवळलेलं, आणि दुसऱ्यावर मोठी फुली. समासात माझी पेन्सिल होती. मी वाचलेल्या प्रत्येक पानावर तारीख टाकतो; ग्रंथालयातली सवय.

"ही मंगळवारची तारीख," ताई म्हणाली.

"हो."

"सकाळी वाचलंस की नाडा बांधून झाल्यावर?"

"सकाळी."

"आणि मी तुला विचारलं होतं."

"हो."

"आई, जाऊ दे ना," भाचा म्हणाला. "मामाचा स्वभाव तुला काय नवा आहे? आणि तूच त्याला बोलू..."

"मी बोलू दिलं नाही. हो. माझं तोंड तसलंच आहे." ताईनं पुस्तक मिटलं. "पण मी विचारलं होतं रे. याला माहीत नसतं तर मी शब्द काढला नसता. अडाण्याच्या हातून झाड गेलं असतं, मी रडून मोकळी झाले असते."

मी चपलेच्या अंगठ्याकडे पाहत राहिलो.

"करवत गाडीत ठेव," ती मुलाला म्हणाली. "झाड राहू दे. आणि मामाची खोकी बाहेर काढ."

"खोकी? कुठे न्यायची?"

"तुझ्याकडे एक खोली रिकामी आहे. मला रात्री हाक मारायला माणूस लागतं. हाकेला खरं उत्तर देणारं. मी बाई ठेवते."

भाच्याचं घर चौथ्या मजल्यावर आहे. खोली चांगली आहे, माझ्या आधीच्या खोलीपेक्षा मोठीच. आता उन्हं तापू लागली आहेत. भाचा दर रविवारी आईकडे जातो आणि येऊन सांगतो, काठी घेऊन चालते, जेवते, बाईशी भांडते. झाडाबद्दल तो काही बोलत नाही. फुटलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, असं मला वाटतं. मग वाटतं, त्याचं लक्षच गेलं नसेल. मग वाटतं, फुटलं असेल, पण मला सांगायचं नाही असं ताईनं बजावलं असेल. विचारलं तर एका शब्दात कळेल.

गेल्या रविवारी तो निघाला तेव्हा मी त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेलो. तो जिन्यात थांबला.

"काय मामा? आईला काही विचारायचंय?"

"नाही," मी म्हणालो. "सावकाश जा."