भिंतीकडे तोंड करून

"अरे माझ्या भावा रे! माझा आधार गेला रे!"

झूराने आवाज लगेच ओळखला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाळेचे मुख्याध्यापक मेदेरबेक फाटकापासूनच मोठ्याने रडत येत होते. मयताला येताना पुरुषाने असंच रडत यायचं, त्यात काही वावगं नव्हतं. पण शारशेन अगायना, तिच्या गुरुजींना, भाऊ म्हणायला या माणसाची जीभ धजावली कशी?

अंगणात उभारलेल्या लोकरी तंबूत, पडद्यामागे अगाय निजले होते. पडद्याच्या अलीकडे बायका भिंतीकडे तोंड करून, कमरेवर हात ठेवून बसल्या होत्या. येणाऱ्यांना दिसायच्या त्या त्यांच्या पाठीच. अगायना मुलगी नव्हती, म्हणून कोशोक झूराच्या वाट्याला आला होता. गेलेल्याचं सगळं आयुष्य रडत रडत गाऊन सांगायचं. कारा-बुलाकच्या शाळेत अगायनी कुस्ती शिकवलेली पहिली मुलगी तीच. रुमालाखाली तिचा चुरगळलेला कान अजून त्याची साक्ष देत होता.

शेजारून बातमा आपा, अगायची बायको, कुजबुजली, "गोड गा हं, झूरा. आमचा कुबात यांच्याच हाताखाली गणित शिकवतो. परवा त्याला तिथंच तोंड दाखवायचंय."

"तुम्ही म्हणाल तसं, आपा."

झूराचा आवाज कधी चढत नसे. आज पहाटेच्या नमाजानंतर तिने एकच मागणं मागितलं होतं, आज मला राग येऊ देऊ नकोस. देवाने ते ऐकलं नव्हतं, किंवा ऐकून बाजूला ठेवलं होतं.

मेदेरबेक आत आले, पुरुषांच्या बाजूला टेकले. कोणीतरी चहाची वाटी पुढे केली. भुरका मारून ते म्हणाले, "काय माणूस होता! तब्येतीने दगा दिला म्हणून शाळा सोडली, नाहीतर अजून पोरं घडवली असती. कुस्तीच्या हॉलला आम्ही त्यांचंच नाव देतोय."

तब्येतीने! झूराची नखं कमरेत रुतली.

अगाय भूगोल शिकवायचे आणि शाळा सुटली की कुस्ती. हॉलमधल्या गाद्या गावातल्या आयांनी जुनी लोकर भरून शिवलेल्या. पोरींना ते मानेवर कमान करायला लावायचे आणि वरून विचारायचे, "मंगोलियाची राजधानी?" उत्तर चुकलं तर कमान तशीच. झूरा फार ओरडायची तेव्हा म्हणायचे, "ही आमची नारिन नदी, पाण्यापेक्षा खळखळाट जास्त." ती ओरडायची, हे आज कोणाला सांगूनही पटलं नसतं. डाव दाखवायचे ते पेंढा भरलेल्या पोत्यावर. पोत्याचं नाव पोरींनी 'हेडसाहेब' ठेवलं होतं. अगाय रागवायचे, पण हसू दाबून. मानेची पकड पोत्यावर कळायचीच नाही. तेव्हा आधी विचारायचे, "हात लावू का, बाळ?" हो म्हटल्याशिवाय बोटही लावायचे नाहीत.

आणि तीन वर्षांपूर्वी गावात बोलणं सुरू झालं. "म्हातारा पोरींना धरायला शिकवतो, की पोरींनाच धरतो?" ही-ही करत लोक ते एकमेकांना सांगायचे. एकेका बापाने आपापली पोर काढून घेतली. अगायनी शाळा सोडली आणि महिन्याभरात मेदेरबेक हॉल लग्नांना भाड्याने द्यायला लागले. त्यानंतर रस्त्यात एखादी चिमुरडी सलाम करायला धावत आली, की अगाय दोन्ही हात पाठीमागे घ्यायचे. झूराने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. बाकी सगळं ती कदाचित गिळू शकली असती, ते पाठीमागे गेलेले हात नाही.

तिने कोशोक सुरू केला.

"आयांच्या लोकरीची गादी घातलीस तू, अगाय,
ती पायाखालून कोणी ओढली?
विचारल्याशिवाय हात लावला नाहीस तू, अगाय,
त्या हातांवर चिखल कोणी उडवला?
चिखल उडवणारा चहा पितोय, अगाय,
माझ्या पाठीमागे बसून चहा पितोय!"

बातमा आपाचा हात तिच्या गुडघ्यावर घट्ट आवळला गेला. कोशोक मध्येच तोडता येत नाही, तोडला तर तोडणाऱ्याची नाचक्की. झूरा शेवटपर्यंत गायली आणि थांबली.

मागे कोणी नाक ओढलं, कोणी सुस्कारा सोडला.

"वा, काय गळा आहे पोरीचा," मेदेरबेकच म्हणाले. रडवेल्या सुरात. "असा कोशोक हल्ली ऐकायला मिळत नाही. काळजाला हात घातलास, पोरी."

म्हणजे हेही त्यांना पचलं होतं! गाण्यात घातलं की काहीही पचतं. उद्या दफनाआधी मौलवी जमलेल्यांना विचारतील, कसा माणूस होता? आणि सगळ्यांत आधी हाच ओरडेल, चांगला होता.

कमरेवरचे हात सोडून झूरा वळली. कोशोक गाणारी बाई कधी वळत नाही. पुरुषांनी माना खाली घातल्या.

"मेदेरबेक साहेब, आता मी गात नाहीये. साधं विचारते. अगाय पोरींना धरतात, असं कोण म्हणालं होतं?"

"अगं पोरी, समोर मयत आहे. आवाज खाली कर."

"आवाज खालीच आहे माझा."

खरंच खाली होता.

"लोक म्हणत होते," मेदेरबेक म्हणाले.

"कोण लोक? बसलेत की सगळे इथं. बोट दाखवा."

त्यांची नजर एकेका बापावरून फिरली. ती ओस्मोनालीवर आली, तसा तो उसळला. त्यानेही त्या वर्षी आपली लेक काढून घेतली होती.

"माझ्याकडे काय बघता? मला तुम्हीच सांगितलंत, शाळेच्या पायरीवर. 'पोर तुझी, अब्रू तुझी,' म्हणालात. आणि मी गाढव, मुलीला एका शब्दाने न विचारता घरी ओढून नेली!"

"मलाही यांनीच सांगितलं," पलीकडून कोणीतरी पुटपुटलं.

मेदेरबेक बातमा आपाकडे वळले. "वहिनी, या पोरीला आवरा. तुमच्या कुबातचा तरी विचार करा."

आता आपाही भिंतीकडून वळली. "कुबातच्या बापाचा तुम्ही केलात ना विचार, तेवढा पुरे झाला," ती म्हणाली. "चहा संपला असेल तर निघा."

ते उठले. मयताच्या घरून न जेवता जाणाऱ्याला कोणीतरी अडवतंच. त्यांना कोणी अडवलं नाही.

झूराचा राग गेला नव्हता, उलट आता कुठे तो नीट उभा राहिला होता. एका माणसाने ऐकलं, गाव अजून बाकी होतं. फाटकाकडून नवा आक्रोश आला, "भावा रे, माझ्या भावा!" रिवाजाप्रमाणे बायका पुन्हा भिंतीकडे वळल्या. झूराही वळायला लागली, तशी बातमा आपाने तिचा दंड धरला.

"आता येईल त्या प्रत्येकाला हेच," आपा म्हणाली. "गाऊ नकोस. तोंडावर सांग."

दाराचा पडदा उचलला गेला. झूरा दाराकडे तोंड करून बसली.