ताईच्या नावाचा शंख

संग्रहालयाच्या शंखविभागात सगळे त्याला पाठीमागे शंखोबा म्हणत आणि ते त्याला ठाऊक होतं. त्याची तक्रार नव्हती. जो माणूस उभी नोकरी व्हेल्क नावाच्या समुद्री गोगलगायींचे शंख ओळखण्यात घालवतो, त्याला लोक राजहंस म्हणणार नाहीत, एवढी अक्कल त्याला होती. बाकीची अक्कल किती होती, ते पत्र आलं तेव्हा कळलं.

ओळखायची रीत त्याला तोंडपाठ होती. शेंडा वर करून शंख हातात घ्यायचा, वेढे मोजायचे, उभे कंगोरे बघायचे, तोंडाखालची नळी आखूड की लांब ते मापायचं आणि शेवटी बोट फिरवून वरची साल पाहायची. त्या किनाऱ्यावरच्या व्हेल्कवर तपकिरी, केसाळ साल असते. फक्त एका जातीवर ती नव्हती. ती जात त्यानेच शोधली होती, सात नमुन्यांवरून, आणि थोरल्या बहिणीच्या नावाचं लॅटिन रूप करून तिला दिलं होतं. आईच्या माघारी ताईनेच त्याला वाढवलं, शिकवलं. बदल्यात द्यायला त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. तिने तो लेख चौकटीत घालून बैठकीच्या खोलीत टांगला होता. वीजमीटर बघायला येणाऱ्यालाही ती तो वाचायला लावी.

पुढच्या एकतीस वर्षांत त्या जातीचा आठवा शंख कोणालाही मिळाला नाही. ह्याने त्यावर आणखी एक लेख लिहिला आणि तिला अतिदुर्मिळ ठरवून टाकलं.

पत्र दुसऱ्या संस्थेतल्या एका तरुण संशोधिकेचं होतं. तिने ते सात शंख मागवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. वेढ्यांमधल्या खाचांत तपकिरी सालीचे तुकडे अडकलेले होते आणि पाठीवर बारीक ओरखडे. बाकी सगळं बाजारात ढिगाने मिळणाऱ्या व्हेल्कसारखंच होतं. नमुने कधी घासले गेले होते का, असं तिने फार अदबीने विचारलं होतं.

त्याचा पारा चढला. आमच्याकडे नमुने घासत नाहीत, असं खरमरीत उत्तर त्याने लिहायला घेतलं आणि दुसऱ्याच ओळीवर हात थांबला. ते शंख मच्छीमाराकडून आणले तेव्हा तो भाड्याच्या खोलीत राहायचा. वासामुळे घरमालकाने शंखांची बादली आत येऊ दिली नव्हती. मग ती ताईकडे ठेवून तो जो गेला, तो चार दिवसांनी उगवला होता.

उत्तर फाडून तो ताईकडे गेला. चौऱ्याहत्तर वर्षांची ताई इस्त्री करत होती. त्याने आधी इकडच्या तिकडच्या गप्पा काढल्या. ताईने इस्त्री उभी करून ठेवली आणि काय झालंय ते सांग म्हणाली. त्याने बादलीचं विचारलं.

"मला बुरशी वाटली रे ती," ताई म्हणाली. "तारेच्या घासणीनेही निघेना, मग सोड्यात भिजवले. बोटं सोलवटली माझी."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे? आलास, एक शंख उचललास, बोट फिरवलंस आणि म्हणालास, किती गुळगुळीत आहे. मला वाटलं, माझं काम आवडलं तुला."

म्हणजे ही जात मिळायला समुद्र नव्हे, ताई लागत होती. आठवा शंख सापडणार कुठून? त्याला हसू आलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. मग त्याने त्या तरुण संशोधिकेच्या पत्राचं सांगून टाकलं. ती जात रद्द होणार होती, आणि तिच्याबरोबर ताईचं नावही यादीतून जाणार होतं.

ताईचा चेहरा उतरला. तिला वाईट वाटलं आणि तिने ते लपवलं नाही. "सगळ्यांना सांगत सुटले होते रे मी," ती म्हणाली.

त्याला ते बघवेना. आठ महिन्यांत आपण निवृत्त होऊ, तोवर घासले नव्हते असंच कळवतो, पुढचं पुढे, असं तो पुटपुटला.

"आणि ती पोरगी खोटी पडेल, त्याचं काय?"

लहानपणी पाढा चुकला की ताई असंच बघायची. त्याने तिथेच कपडे बाजूला सारले, इस्त्रीच्या टेबलावर कागद ठेवला आणि निवेदन लिहून वाचून दाखवलं. हे सात नमुने स्वतंत्र जातीचे नाहीत. वर्णन करण्यापूर्वी ते लेखकाच्या थोरल्या बहिणीने घासून स्वच्छ केले होते. लेखकाने तिला विचारले नाही.

ताईने ते दोनदा वाचायला लावलं.

"किती दिवस घासले तेही लिही," ती म्हणाली. "दोन दिवस. अख्खे."

त्याने 'अख्खे'सकट लिहिलं.