सात हिसके

मी एक जुने पितळी कुलूप आहे. मित्रांनो, स्वतःविषयी बोलायची मला सवय नाही. कंटाळा आला तर खुशाल उठून जा. पण एकदाचे बोलून टाकायला हवे.

कारखान्यात माझा जन्म झाला आणि पुस्तके बांधणाऱ्या एका बाइंडरच्या दारावर माझे आयुष्य गेले. माणूस सज्जन. रोज बाहेर पडताना हात जोडून म्हणायचा, "देवा, घर तुझ्या हवाली." आणि लगेच मला सात हिसके द्यायचा. जिना उतरायचा, परत यायचा, आणखी सात! अहो, हवाली केले ना? मग मला का छळता? बावीस वर्षांत कौतुकाचा शब्द एकच ऐकला, "दणकट आहे हो!" तोही हिसका देतानाच. तेलाचा थेंब मात्र कधी मिळाला नाही.

त्याची भीती अगदीच खोटी नव्हती. समोरच्या शिंप्याचे घर चोरांनी फोडले होते. ते कुटुंब धसक्याने भावाकडे राहायला गेले होते.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी बाइंडरच्या बायकोचे हृदयाचे ऑपरेशन होते. रिक्षा खाली उभी. त्याने प्रार्थना केली, मला लावले आणि हिसके सुरू केले. पाचव्या हिसक्याला माझा झिजलेला खटका तुटला. दांडा काही केल्या अडकेना.

तो मटकन पायरीवर बसला. "झालं! तू हो पुढे, मी नवीन कुलूप आणतो."

"दुकानं दहाला उघडतात. मला आठला बोलावलंय."

"आणि चोर आला म्हणजे?"

"येऊ दे. खळीचा डबा नेईल. अहो, बावीस वर्षं घर देवाच्या हवाली करताय आणि लगेच परत घेताय. आज मला आत नेतील तेव्हा काय करणार? ऑपरेशनचं दार सात वेळा ओढून बघणार?"

तो पायरीवरून उठला. त्याने मला कोयंड्यात नुसते अडकवले आणि पुटपुटला, "देवा, भीती वाटतेच आहे. पण जातो." आणि खरेच, तो परत आला नाही.

नऊ दिवस मी तसेच लटकून काढले. वारा आला तरी धडकी भरायची. माझ्या हातात काहीच नव्हते. खरे सांगायचे तर आधीही फारसे नव्हते.

दहाव्या दिवशी जिन्यात पावले वाजली. मी कान देऊन ऐकले. दोघांची होती.

बाइंडर दारापुढे उभा राहून खिसे चाचपू लागला.

"काय शोधताय?"

"किल्ली गं."

छातीवर हात धरून ती हळूच हसली. "अहो, उघडंच आहे ते."

आता दारावर नवे कुलूप आहे. बाइंडरच्या कागदांवर वजन म्हणून माझी नेमणूक झाली आहे. तो अजून घाबरतो, पण कुलूप एकदाच ओढतो. मित्रांनो, तुम्हीही कुलूप जरूर लावा, त्याला अधूनमधून तेल द्या. पण हवाली केलेले सारखे ओढून पाहू नका. दुखते हो.